मुलाचा संगणक घेताना

पोरगं खेळांसाठी आणि हलती चित्रे करायला संगणक मागतंय ना? मग ऐका. बैल घेताना आपण झूल बघत नाही, दात बघतो. तसेच इथे. रंगीत दिव्यांच्या पेटीला भुलू नका. चित्राचे ओझे ग्राफिक्स कार्ड ओढते. जास्त पैसा तिथे घाला. रॅम १६ जीबी घ्या. पुढे हात सैल झाला की ३२ करा. वीज पुरवणारा भाग, म्हणजे पॉवर सप्लाय, हलका घेऊ नका. तो बिघडला तर दुसरे भागही जळू शकतात. हलती चित्रे करण्याचे ‘ब्लेंडर’ फुकट मिळते. पक्की पावती घ्या. कर्ज मात्र काढू नका. आणि हिशेब मुलालाच मांडायला सांगा. घामाच्या पैशाची किंमत त्यालाही कळेल.