मागच्या महिन्याचा पास



संगणकाशी भांडणं हा माझा रोजचा धंदा. पण आज सांगते आहे ती फजिती ऑफिसातली नाही, घरातली आहे.

2020 चा पावसाळा. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद. मी ठाण्यात, ताई कल्याणला. भाचीला आधीच्या दिवाळीत मी माझा जुना लॅपटॉप दिला होता, उबुंटू लिनक्स टाकून. त्याच्या वाय-फायचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये अंगभूत नव्हता. तो मी वेगळा मिळवून हाताने बसवला. चालला, म्हणून विसरले.

एका रात्री साडेनऊला फोन. "मावशी, वाय-फाय दिसतच नाही. उद्या सकाळी आठला टेस्ट आहे." ताई रात्रपाळीला गेलेली, घरातला एकुलता स्मार्टफोन तिच्याबरोबर. भाची बोलत होती ती आजीच्या बटणांच्या फोनवरून.

तासभर मी तिला राउटर बंद-चालू करायला लावला, नाही नाही ते टाईप करायला लावलं. पोर रडकुंडीला आली. तेव्हा कुठे मी विचारलं, "आज काही बदललं का गं?"

"दुपारी अपडेट केलं. तूच म्हणालीस ना, करत जा म्हणून!"

हा प्रश्न मी पहिल्याच मिनिटाला विचारायला हवा होता. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. प्रत्येक आवृत्तीच्या ड्रायव्हरांचा कप्पा वेगळा असतो. मी बसवलेला ड्रायव्हर जुन्या कर्नेलच्या कप्प्यात राहिला आणि मशीन नव्या कर्नेलवर सुरू झालं. डोंबिवलीकरांच्या भाषेत सांगायचं, तर महिना बदलला आणि खिशात पास मागच्या महिन्याचा!

सुदैवाने उबुंटू आधीचा कर्नेल लगेच काढून टाकत नाही. मी म्हटलं, "सुरू होताना एस्केप दाब. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा. कमी आकड्याचा कर्नेल निवड, रिकव्हरी लिहिलेला नको." दोन मिनिटं शांतता. मग, "मावशी, आलं!"

टेस्ट वेळेवर झाली. रविवारी फोनवरूनच आम्ही कर्नेलच्या हेडर फाइल्स आणि डीकेएमएस बसवलं, ड्रायव्हर त्यात नोंदवला. आता कर्नेल बदलला की त्याच्यासाठी ड्रायव्हर आपोआप नव्याने तयार होतो. पास काढायला रांगेत उभं राहायला नको.

पण बोच राहिली ती वेगळीच. चूक अपडेटची नव्हती, भाचीची तर नव्हतीच. मी काय केलं होतं ते कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं. आपल्या विज्ञानाच्या बाई जोडणीला हात लावू द्यायच्या आधी प्रयोगवहीत रीडिंग लिहायला लावायच्या. तेव्हा आपण कुरकुरायचो. इंजिनिअर होऊन इतकी वर्षं झाल्यावर मी नेमकं तेच विसरले.

त्या लॅपटॉपच्या झाकणाच्या आत आता भाचीच्या अक्षरातली चिठ्ठी आहे. तीनच ओळी: ड्रायव्हर कोणता, कोणत्या कर्नेलवर चालला, बिघडलं तर आधी काय करायचं.

आपल्यापैकी पुष्कळजण आईवडिलांचे, शेजाऱ्यांचे संगणक, फोन, राउटर दुरुस्त करून देतो. उठण्याआधी तेवढ्या तीन ओळी लिहून ठेवा. पुढच्या वेळी आपण तिथे असूच असं नाही.