दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया



पोट उघडून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८२ मध्ये बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी केली. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी ती दुर्बिणीच्या साहाय्याने साधली. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी ती भारतात प्रथम केली. रुग्णाच्या वेदना घटल्या, तो लवकर कामावर परतू लागला. मात्र पित्ताशयाची नलिका समजून मुख्य पित्तनलिकाच कापली जाण्याचा धोका प्रारंभी वाढला. अशी इजा झाल्यास रुग्णावर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करण्याची पाळी येते.

यावर १९९५ मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन स्ट्रासबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शिस्त घालून दिली. यकृतालगतच्या त्रिकोणातील चरबी व तंतू दूर करावेत, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करावा आणि पित्ताशयात जाणारी नलिका व रोहिणी या दोनच रचना स्पष्ट दिसल्याखेरीज काहीही कापू नये.

दाह तीव्र असल्यास पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवावा किंवा पोट उघडावे. असे करणे हे शल्यविशारदाचे अपयश नव्हे, तर रुग्णाच्या जीविताची काळजी होय, ही जाण गावोगावी रुजविणे अगत्याचे आहे.