आधी थांबायला शिकव, मग पळव



आज शेळ्या नाहीत, पापड नाहीत, बँकेचं कर्जही नाही. आज बोलायचंय एका जुन्या मोटारीबद्दल. माईकसमोर एकच बाई बसलेली असली तरी गोष्ट आमच्या गटातल्या बारा जणींची आहे, म्हणून सगळं "आम्ही" असंच सांगणार आहोत. आणि यात आम्ही कुठं चुकलो, तेही सांगणार आहोत.

गेल्या वैशाखातली मासिक बैठक. आमच्या गटातल्या एका वहिनींनी अंतर्गत कर्जाचा अर्ज पुढे ठेवला. रक्कम 60,000 रुपये. कारण लिहिलं होतं, "मुलाच्या गाडीचे काम". वहिनींचे मालक जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा एकच, कोल्हापूरला उद्यमनगरात इंजिन रिबोरिंगच्या कारखान्यात कामाला. त्यानं कुणाच्या तरी आवारात पडून असलेली जुनी गाडी घेतली होती. अर्जाला यादी जोडली होती. नवी मॅगव्हील 24,000, रंग 18,000, इंजिनाचं काम 12,000, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर 6,000.

आम्ही हसलो. एकजण म्हणाली, "अगं, बाकीच्यांची पोरं नोकरीसाठी पळत्यात आणि तुझं पोरगं गाडी नटवतंय?" दुसरी म्हणाली, "लग्न लावून दे, उतरंल खूळ." वहिनींनी अर्ज उचलला, घडी घातली, कमरेला खोचला. पुढच्या दोन बैठकांना त्या आल्या नाहीत. बचतीचे पैसे मात्र शेजारणीच्या हाती वेळेवर पाठवले.

दुसऱ्यांदा त्या आल्या नाहीत तेव्हा आम्हाला कळलं की आपण कर्ज नाकारलेलं नाही, बाईला नाकारलंय. अर्ज नामंजूर करायचा तर चौकशी करून, कारण लिहून करायचा असतो. आम्ही तर साधं विचारलंही नव्हतं. मग तिघी जणी त्यांच्या घरी गेलो, चुकलो म्हणून सांगितलं आणि म्हणालो, "चला, गाडी तरी दाखवा." रविवारी चौघी उद्यमनगरात.

गाडी होती फियाट पालिओ, 1.6 जीटीएक्स. दिसायला लहान, लाल रंग उडालेला. तुमच्यापैकी काहीजणींना आठवत असेल, सचिन तेंडुलकर या पालिओची जाहिरात करायचा. 2001 मध्ये ती आपल्याकडं आली. मुंबईत कुर्ल्याला तयार व्हायची, जिथं आधी पद्मिनी गाड्या बनायच्या त्याच कुर्ल्याला. साध्या मारुती 800 चं इंजिन 796 सीसीचं असतं. या जीटीएक्सचं 1596 सीसीचं, आणि ताकद साधारण 100 घोड्यांची. म्हणजे गाडी लहान आणि इंजिन थोराड. पोरांना तिचं वेड का, ते आम्हाला तिथं कळलं.

मुलगा आधी गप्पच होता. त्याच्या कानावर आमचं हसणं गेलं असणार. मग एका मावशींनी विचारलं, "बाळा, इंजिनाचं काम म्हंजे काय करणार तू?" तेव्हा तो म्हणाला, "मावशी, चुलीचंच हाय बघा. जाळ मोठा पायजे तर काय लागतं?"

मावशी म्हणाल्या, "जळण, वारा, आणि धूर जायला वाट."

"हेच इंजिनात."

पुढं त्यानं छान समजावलं. पेट्रोल एकटं जळत नाही. 1 किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर चार सिलिंडर मिळून मिनिटात 6000 वेळा जाळ होतो. म्हणून गाडीची ताकद वाढवणारे लोक हवा आत यायची वाट आणि धूर बाहेर जायची वाट मोकळी करतात, आणि त्या मापानं पेट्रोल वाढवतात. यातलं एकच वाढवलं तर उपयोग नाही. जळण कोंबलं आणि वारा नसला तर चूल धुमसते, तसंच. आणि हवा मोकळी करायची म्हणून एअर फिल्टर काढूनच टाकला तर रस्त्याची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि आतून ओरखडे पडतात.

तिथले म्हातारे मिस्त्री ऐकत होते. ते म्हणाले, "सगळं बरोबर. पण ह्याला विचारा, गाडीत होती ती ताकद तरी शिल्लक हाय का?" त्यांनी प्लग काढून एकेका सिलिंडरला दाब मोजायचं मीटर लावलं. तिघांचा दाब जवळपास सारखा, एकाचा कमी. कमी असलेल्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं. ऑइलनं दाब वाढला असता तर रिंगा झिजल्या असं समजतात. इथं वाढला नाही, म्हणजे बहुतेक व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. मिस्त्री म्हणाले, "घागर गळतीय आणि तू मोठी घागर मागतोयस." मुलगा खाली बघून हसला. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून बसवायचं काम तो रोज दुसऱ्यांच्या गाड्यांचं करतोच. आपल्या गाडीचं ते त्याला मजुरीशिवाय जमणार होतं.

मग गाडी जॅकवर घेतली आणि चाकं काढली. तिथं आम्ही चौघीही गप्प झालो. पुढच्या ब्रेकचा रबरी पाइप भेगाळलेला. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. टायमिंग बेल्ट कधी बदलला, कुणालाच ठाऊक नाही. हा पट्टा चालत्या गाडीत तुटला तर कितीतरी इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि सगळा खर्च डोक्यावर येतो.

टायर वरून चांगले दिसत होते, नक्षी होती. मिस्त्रींनी टायरच्या बाजूचे चार आकडे वाचायला सांगितले. 1411 होते. म्हणजे 2011 सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी असली तरी रबर वयानं कडक होतं आणि पावसात धरत नाही. मैत्रिणींनो, हे चार आकडे सगळ्या टायरवर असतात. तुमची मुलं ज्या वडापच्या गाडीतनं शाळेला जातात, तिच्या टायरवरही असतात. आजच वाकून बघा.

वहिनींनी मुलाला तिथंच विचारलं, "60,000 च्या यादीत ब्रेकचा एक रुपया का न्हाई?" त्याच्याजवळ उत्तर नव्हतं.

आमची समजूत झाली ती एवढीच. गाडी पळवण्याआधी ती थांबली पाहिजे. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतं. म्हणजे इंजिनावर पैसे घालणाऱ्यानं त्याच्या आधी ब्रेक आणि टायरवर घालायला हवेत. दिसण्याचंही तसंच. गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून पोरं स्प्रिंग कापून घेतात. मग स्प्रिंग जागेवरून सुटायची भीती असते आणि गावच्या स्पीडब्रेकरला इंजिनाचं ऑइलचं भांडं आपटतं. मोठं मॅगव्हील आणि पातळ टायर घातला तर आपल्या खड्ड्यांत रिम वाकते. रंग मारायचा तर आधी गंज बघायचा. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथं ते धरत नाही, तिथं खाली पत्रा कमी आणि पुट्टी जास्त. तसल्या जागेवर 18,000 चा रंग म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना.

आता कागदांचं. हे जास्त लक्ष देऊन ऐका.

गाडी चालवणार मुलगा. पण आरसी कुणाच्या नावावर? वहिनींच्या. पैसे त्यांच्या साठवणीतले, म्हणून मुलानं मायेनं आईच्या नावावर केली. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं गाडी जशी दिली त्यापेक्षा वेगळं ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, आणि परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आणि ही शिक्षा मालकाला. म्हणजे सायलेन्सर लावणार पोरगा आणि नोटीस येणार आईच्या नावानं. आवाजाचा आणि धुराचा नियम मोडून गाडी चालवणाऱ्यावर वेगळी कारवाई होते, ती वेगळीच. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. इंजिनच बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. बदल विमा कंपनीला कळवला नसेल तर अपघातानंतर भरपाई अडू शकते. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची असते.

तुमच्यापैकी कितीजणींच्या नावावर मोटारसायकल, टेम्पो, ट्रॅक्टर आहे? नाव आपलं असेल तर विचारायचा हक्क आपला, आणि जबाबदारीही आपलीच.

पुढच्या बैठकीला वहिनी आल्या. मुलगाही आला, दाराशी उभा राहिला. आम्ही म्हणालो, "आत येऊन बस की." चर्चा तासभर चालली. हे हौसेचं कर्ज की धंद्याचं, यावर दोन तट पडले. मुलाचं म्हणणं असं, "ही गाडी बघून लोक मला जुन्या गाड्यांचं काम देतील. हेच माझं दुकान." काहीजणींना पटलं, काहीजणींना नाही. खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंत तथ्य होतं.

शेवटी ठराव लिहिला तो असा. टायर 16,000, ब्रेकचं काम 7,000, टायमिंग बेल्टचं काम 5,000, एकूण 28,000 रुपये कर्ज मंजूर. महिना शेकडा 1 रुपया व्याज. मुद्दलाचे 2,000 प्रमाणे 14 हप्ते. पैसे बिलं दाखवून. सायलेन्सरला गटाचा पैसा नाही. रंगाचं आणि चाकांचं, सात हप्ते झाल्यावर बघू.

मुलाचं तोंड जरा उतरलं. पण काम त्यानं मनापासून केलं. व्हॉल्व्ह स्वतः बसवले. जुन्याच रिमा घासून, प्रायमर मारून काळ्या रंगवल्या. मॅगव्हीलचे 24,000 वाचले आणि आमच्या डोळ्यांना तरी त्या चांगल्याच दिसतात.

मार्गशीर्षातल्या बैठकीत वहिनींनी आपण होऊन एक गोष्ट सांगितली. बहिणीकडून रात्री परत येत होत्या. वळणावर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. आमच्या भागात हंगामात हे नेहमीचं. "थांबली गाडी," वहिनी म्हणाल्या. "मधी अंतर ऱ्हायलं असंल आपलं एक लुगडं पसरावं एवढं." ज्या बाईनं वैशाखात लग्नाचा सल्ला दिला होता, तिनंच उठून वहिनींना पाणी दिलं.

आता सात हप्ते झालेत. दिवाळीचा एक उशिरा आला, त्याचा दंड वहिनींनी न मागता भरला. गाडी बघून मुलाकडं दोन जुन्या गाड्या कामाला आल्यात. धंदा होईल की नाही, ते दोन गाड्यांवरून ठरत नाही. रंगासाठी 18,000 चा दुसरा अर्ज आलाय. रंग तोच लाल ठेवायचा आहे, म्हणजे आरसीवरचा रंग बदलायला नको. अर्ज पुढच्या बैठकीत ठेवणार आहोत. काय ठरेल, आत्ता सांगता येत नाही. पण यावेळी आधी लोहचुंबक घेऊन जाणार, हे नक्की.

तुमच्या गटात असा अर्ज आला तर हसू नका आणि लगेच मंजूरही करू नका. चार प्रश्न विचारा. कागद कुणाच्या नावावर? ब्रेक आणि टायर कधीचे? जो बदल करायचाय तो कायद्यात बसतो का? आणि हप्ता कुठल्या कमाईतून येणार? उत्तरं मिळाली की वहीत लिहा, मग सही करा.

आणि ज्या बाईचा अर्ज नाकाराल, तिच्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊन या.