थांबण्याची ऐपत



मी शिकलेला माणूस नव्हे. आठवीनंतरची माझी शाळा नांदेडच्या मोंढ्यातच भरली. पोत्यांवरची अक्षरे लावता लावता वाचनाची गोडी लागली. म्हणून घरची संपत्ती आणि तरुणांचे भवितव्य याविषयी मी जे सांगणार ते संपातून शिकलेले आहे.

संप टिकतो कशावर? १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. ज्यांचे गावाकडे थोडे शेत होते ते गावी जाऊन तग धरू शकले. ज्यांना चाळीतल्या खोलीखेरीज काहीच नव्हते त्यांची चूल आधी विझली. निर्धार दोघांचाही होता; फरक थांबण्याच्या ऐपतीचा.

आता लातूरकडे पाहा. 'लातूर पॅटर्न'ने मराठवाड्याच्या मुलांना मोठी वाट मोकळी करून दिली, हे मी कृतज्ञतेने सांगतो. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेत प्रश्नपत्रिका सर्वांना सारखी, घड्याळही सारखे. पण कितीदा बसावे याला मर्यादा नाही, आणि तेथेच घर बोलू लागते.

माझ्या ओळखीची दोन मुले पहिल्या खेपेस थोडक्यात हुकली. एकाच्या वडिलांची अडत. त्यांनी मुलाला लातुरात आणखी दोन वर्षे खोली, खानावळ आणि शिकवणी पुरवली; तो आज डॉक्टरकी शिकतो आहे. दुसऱ्याचे वडील हमाल. निकालानंतर आठव्या दिवशी तो दुकानात हिशेब लिहू लागला. त्याला बुद्धी कमी होती काय? कमी पडले ते एक वर्ष!

हे आपल्याकडेच आहे असे नाही. तमिळनाडूत न्यायमूर्ती राजन समितीने २०२१ साली दाखवून दिले की, तेथील वैद्यकीय प्रवेशांत पुन्हा परीक्षा दिलेल्यांचा वाटा चार वर्षांत शेकडा १२ वरून ७१ वर गेला.

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मागास व दुर्बल घरांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. फार चांगले झाले. पण ही माफी दाराच्या आतली. दाराबाहेर थांबण्याच्या वर्षाचा खर्च तीत नाही. गरिबाच्या मुलीला तर ते वर्ष मिळतच नाही. तेवढ्यात स्थळ येते.

आम्ही संपापूर्वी निधी उभारतो. तसाच निधी या गावाने का उभारू नये? मोंढ्यात पोत्यामागे एक रुपया निघाला, तरी काही मुलांची एका वर्षाची खोली आणि खानावळ सुटेल. हमाल आपला वाटा देतील, हे मी त्यांना विचारून आलो आहे. आता व्यापारी, वकील, डॉक्टर मंडळींनी आपले सांगावे.

मुलाने परीक्षेत हरावे, त्याला माझी हरकत नाही. घरच्या रिकाम्या कणगीपुढे त्याने हरू नये, एवढेच माझे मागणे आहे.