कोथेनच्या राणीवरील एक आरोप



अठराव्या शतकांतील जर्मनी म्हणजे एक राष्ट्र नव्हे. लहानमोठ्या शेंकडों संस्थानांचे तुकडे जोडून शिवलेली ती एक गोधडीच होती. त्यांतील आनहाल्ट घराण्याच्या वांटण्या होऊन ज्या शाखा निर्माण झाल्या, त्यांपैकीं एका शाखेची राजधानी होती कोथेन. येथील राजा लेओपोल्ड यानें लढाई जिंकली नाहीं कीं मुलूख वाढविला नाहीं. तरीहि त्याचें नांव आज जगभर घेतलें जातें, कारण योहान सेबास्टियन बाख हा थोर संगीतकार साडेपांच वर्षें त्याच्या पदरीं होता. परंतु त्याच कीर्तीच्या प्रकाशांत त्याच्या तरुण राणीच्या वांट्यास मात्र एक डाग आला. तो कितपत न्याय्य आहे, हें आज आपण पाहूं.

लेओपोल्डचा जन्म २९ नोव्हेंबर १६९४ चा. त्याचे वडील एमानुएल लेब्रेख्ट हे कॅल्व्हिनपंथी, तर आई गिझेला आग्नेस ल्यूथरपंथी आणि शिवाय कमी दर्जाच्या सरदारकुळांतील. या विवाहानें पंथाभिमानी आणि कुलाभिमानी असे दोन्ही वर्ग दुखावले. वडील १७०४ त वारले तेव्हां मुलगा अवघा नऊ वर्षांचा होता. तो वयांत येईपर्यंत आईनेंच राज्यकारभार पाहिला. तारुण्यांत त्यानें हॉलंड, इंग्लंड आणि इटली असा प्रवास केला व परततांना तो संगीताची आवड दृढ करून आला. व्हायोलिन, हार्प्सिकॉर्ड आणि गुडघ्यांत धरून वाजवावयाचें व्हिओला दा गांबा हें तंतुवाद्य तो स्वतः वाजवीत असे. गळाहि चांगला होता. सन १७१३ त प्रशियाच्या नव्या काटकसरी राजानें बर्लिनचा दरबारी वाद्यवृंद मोडला, तेव्हां तेथील निवडक वादक कोथेनला आले. मोठ्या राजानें टाकलेलें रत्न धाकट्या राजानें उचललें, असेंच म्हणावयाचें.

सन १७१७ त लेओपोल्डनें बाखला चारशें थेलर वार्षिक वेतनावर बोलाविलें. वायमारचा धनी त्याला सोडावयास तयार नव्हता. त्यानें बाखला जवळजवळ चार आठवडे कैदेंत ठेवलें आणि मग नाइलाजानें मुक्त केलें. कोथेनला राजा आणि सेवक यांचा स्नेह असा जमला कीं, पुढील वर्षीं बाखला मुलगा झाला तेव्हां राजा त्याचा धर्मपिता झाला. कॅल्व्हिनपंथी उपासनेंत थाटाच्या संगीतास स्थान नसे. म्हणून येथें बाखची प्रतिभा वाद्यसंगीताकडे वळली. ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंची अर्पणपत्रिका त्यानें येथूनच १७२१ त धाडली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दोन लग्नें झालीं. तीन तारखेला विधुर बाखनें दरबारी गायिका आन्ना माग्डालेना हिच्याशीं पुनर्विवाह केला. आणि आठच दिवसांनीं राजानें बेर्नबुर्ग शाखेंतील फ्रीडेरिका हेन्रिएटा हिचें पाणिग्रहण केलें. ती एकोणीस वर्षांची होती. नऊ वर्षांनीं, १७३० त, बाखनें एका बालमित्रास पत्र लिहिलें. त्याचा आशय असा कीं, राजाला संगीताचें प्रेमहि होतें आणि ज्ञानहि होतें. आयुष्य तेथेंच काढावें असें मनांत होतें. पण लग्नानंतर राजाची आवड कोमट झाल्यासारखी वाटली आणि नवी राणी कलेविषयीं उदासीन असल्यासारखी दिसली. बाखनें ‘दिसली’ म्हटलें; चरित्रकारांनीं ‘होती’ असें करून टाकलें! एका शब्दाच्या फरकानें एका मुलीचा निकाल लागला.

आतां तारखा पाहा. बाखची पहिली पत्नी १७२० च्या जुलैंत वारली. तो त्या वेळीं राजाबरोबर कार्ल्सबाडला होता. परत आला तेव्हां तिचें दफन होऊन गेलें होतें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तो हांबुर्गच्या एका चर्चमधील ऑर्गनवादकाच्या जागेसाठीं तेथें गेला होता. म्हणजे राणी कोथेनला येण्याच्या वर्षभर आधींच त्याचें चित्त अन्यत्र वळलें होतें. लाइप्झिगला जाण्याचें एक कारण म्हणून त्यानें त्याच पत्रांत मुलांच्या शिक्षणाचाहि उल्लेख केला आहे. राणी ४ एप्रिल १७२३ रोजीं, एकविसाव्या वर्षीं, मृत्यु पावली. बाख थांबला नाहीं. त्याच महिन्यांत राजानें त्याला प्रशंसापत्र देऊन मोकळें केलें. अडथळा तोच असता, तर तो दूर झाल्यावर जाण्याचें प्रयोजन काय?

राणीचें पत्र आपल्यापुढें नाहीं. तिच्या बाजूनें बोलते ती केवळ वंशावळ. तिच्या मागें गिझेला आग्नेस ही तान्ही मुलगी राहिली. राजानें १७२५ त दुसरा विवाह केला. त्या राणीच्या पहिल्या मुलाला बाखनें आपली एक पार्टिटा स्नेहानें अर्पण केली, पण तो बालक १७२८ त वारला. त्याच वर्षीं १९ नोव्हेंबरला, चौतिसावा वाढदिवस दहा दिवसांवर आला असतां, राजालाहि देवीच्या आजारानें नेलें आणि गादी भावाकडे गेली. १७२९ च्या मार्चमध्यें झालेल्या अंत्यविधीचें संगीत बाखनेंच रचलें. त्याचे शब्द उरले. स्वरलिपि मात्र हरवली.

आणि ती पोरकी मुलगी? १७३७ त तिचें लग्न डेसाऊच्या राजपुत्राशीं झालें. त्यांचा मुलगा फ्रान्झ यानें वोर्लिट्झचें उद्यान उभारलें, तें सामान्य जनांसाठींहि उघडें ठेवलें. तें आज जागतिक वारसा म्हणून मान्य आहे. ती मान्यता सन २००० त मिळाली. जिला कलाशून्य म्हटलें गेलें, तिच्या नातवानें युरोपांतील एक सर्वोत्तम उद्यान निर्माण केलें!

नातवाच्या रसिकतेवरून आजीची रसिकता सिद्ध होते असें मी म्हणत नाहीं. परंतु थोर माणसाचें पत्र वाचतांना त्यांतील ‘असावें’, ‘दिसलें’ हे शब्द आपण गाळूं नयेत. इतिहासाच्या न्यायालयांत ज्याला वकील नाहीं, त्याच्या बाजूनें निदान तारखा तरी पाहाव्या, एवढीच विनंति.