महाविद्यालयाचे दार कोणीकडे उघडते?



वसंतातल्या या ज्ञानसत्रात इतिहास, संतवाङ्मय, नाट्य असे विषय ऐकण्याची आपली सवय आहे. आम्ही मात्र एक रूक्ष विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. आमची हयात कामगार चळवळीत गेली. महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून चढण्याचा योग आम्हांस आला नाही. तरीही महाविद्यालयांच्या सुरक्षिततेविषयी आम्ही बोलणार आहोत, कारण जो प्रश्न कारखान्यांनी शेकडो माणसे गमावल्यावर सोडवायला घेतला, तोच आज शिक्षणसंस्थांपुढे आहे. आत माणसे असताना अनर्थ ओढवला, तर ती बाहेर कशी येणार?

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्क शहरातल्या ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीच्या शिवणकामाच्या कारखान्यास आग लागली. वरच्या मजल्यांवर काम करणाऱ्यांत बहुतेक परदेशांतून पोटासाठी आलेल्या तरुण मुली होत्या. जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. कामगारांनी माल चोरून नेऊ नये, हा त्या कुलपामागचा हेतू! त्या दिवशी १४६ माणसे मेली. त्यानंतर तिथले कायदे बदलले. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने मुळातच सांगून ठेवले होते की, खोलीत माणूस असेपर्यंत बाहेर जाण्याचे दार आतून सहज उघडता आले पाहिजे, आणि ते सरकते नसेल तर बाहेरच्या बाजूस उघडले पाहिजे. घाबरलेली माणसे दारावर लोटतात. आत उघडणारे दार त्या लोटानेच बंद होते. हे समजण्यास पदवी लागत नाही.

शाळा-महाविद्यालयांस हा धडा उशिरा मिळाला. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणम येथे एका शाळेच्या आगीत ९४ मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्याचा निकाल २००९ साली लागला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच, असे न्यायालयाने बजावले. तरीही २४ मे २०१९ रोजी सुरतेत एका व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावरील शिकवणीवर्गास आग लागली आणि २२ विद्यार्थी गेले. जिना ज्वाळांनी अडला. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. आणि आपल्या जिल्ह्यातली गोष्ट आपण विसरलेले नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागास आग लागली, आणि त्या दिवशी ११ रुग्णांचे प्राण गेले.

कायदे नाहीत, असे कोणी म्हणू नये. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते. आगीपासून बचावासाठी २००६ चा महाराष्ट्र अधिनियम आहे. तो ज्या इमारतींस लागू होतो, तेथील साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत देण्याची तरतूद त्यात झाली. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१५ साली विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. मग उणे कोठे आहे? उणे आहे ते कागद आणि माणूस यांच्यामधल्या जागेत. भिंतीवर लाल नळकांडे टांगलेले असते. पण त्याची खीळ कशी काढावी, हे त्याखालून रोज जाणाऱ्या शिपायास कोणी दाखवलेले नसते.

आता सोनईचा विचार करू. नगर शहर येथून चाळीसएक किलोमीटर आहे. तेथून बंब निघाला, तरी घोडेगावची वाट कापून येण्यास तासाचा बराचसा भाग जाणार. हंगामात रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला असला, तर आणखी उशीर. याचा अर्थ असा की, पहिली पाच-दहा मिनिटे सर्वस्वी आतल्या माणसांची आहेत. शहरासाठी लिहिलेले नियम गावच्या महाविद्यालयास जसेच्या तसे लावून भागणार नाही; ते आपल्या अंतराप्रमाणे आणि आपल्या धोक्यांप्रमाणे सुधारून घेतले पाहिजेत.

आमच्या मते अशी सुधारणा पाच ठिकाणी हवी.

पहिली, दारांची. वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि वसतिगृह यांची बाहेर जाण्याची दारे बाहेर उघडावीत, आणि आत माणूस असेपर्यंत एकाही जिन्यास कुलूप नसावे. दुसरी, हजेरीची. कारखान्यात पाळीला किती माणसे आत आहेत, हे फाटकावर कळते. महाविद्यालयात मात्र पट एका खोलीत, प्राध्यापक दुसरीकडे आणि मुले तिसरीकडे असतात. मैदानावर जमल्यावर पाच मिनिटांत मोजणी झाली पाहिजे. तिसरी, नेमलेल्या माणसांची. विजेचा मुख्य खटका कोणी पाडायचा, १०८ ला फोन कोणी करायचा, चालता न येणाऱ्या विद्यार्थ्यास कोणी उतरवायचे, हे नावानिशी ठरलेले असावे, आणि प्रत्येक नावामागे दुसरे नाव असावे. चौथी, स्थानिक धोक्यांची. आपल्याकडे आगीइतकाच साप आहे, वळवाची वीज आहे, आग्यामोहोळ आहे, एप्रिल-मेचे ऊन आहे. साप चावल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, मंत्रतंत्रात वेळ दवडू नये. माणसास न हलवता धीर द्यावा आणि वाहनातून थेट सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. ती लस जवळ कोठे आहे, हे आधीच माहीत हवे. पाचवी, तालमीची. वर्षातून निदान दोनदा, आणि त्यातली एक आगाऊ न सांगता, सगळी इमारत रिकामी करून घड्याळ लावावे.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा की, परीक्षेत बाहेरून चिठ्ठ्या येतात आणि रात्री चोऱ्या होतात, म्हणून कुलपे लागतातच. आम्ही नम्रपणे सांगतो, ट्रँगलच्या मालकांचाही युक्तिवाद चोरीचाच होता. दाराशी माणूस बसवावा. कुलूप हे माणसाच्या पगारात केलेली काटकसर असते. शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारेच नाहीत, याचे साऱ्या देशास नवल वाटते. आम्ही इतके मागत नाही; दार असावे, फक्त ते आतून उघडावे!

दुसरा आक्षेप असा की, तालमीत मुले हसतात आणि तास बुडतो. हसू द्यावे. पहिल्या तालमीत हसणारे मूल तिसऱ्या तालमीत जिना ओळखून असते. सुरक्षिततेचा सराव हा अंगवळणी पडण्याचा विषय आहे. संकटाच्या धुरात परिपत्रक वाचून दाखवता येत नाही.

राहता राहिला प्रश्न, हे करणार कोण? येथे चळवळीने आम्हांस शिकवलेली एक गोष्ट सांगतो. सुरक्षा समितीत केवळ वरिष्ठ बसले, की तिचे इतिवृत्त सुंदर होते आणि दार तसेच अडकलेले राहते. कोणते दार अडकते, कोणती तार गरम होते, हे झाडूवालीस, पहारेकऱ्यास, प्रयोगशाळेतल्या मदतनिसास आणि वसतिगृहातल्या मुलास ठाऊक असते. त्यांस समितीत मानाने बसवावे, आणि धोका दाखवणाऱ्यास तक्रारखोर ठरवू नये. ज्या शिपायाची नोकरी कंत्राटी आहे, तो तोंड उघडण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. हेही सुरक्षिततेचेच एक कारण आहे, हे चालकांनी ध्यानात घ्यावे.

सोनईत साखर कारखाना आहे आणि महाविद्यालयेही आहेत. आग, वाफ आणि यंत्रे यांच्या सहवासात वर्षानुवर्षे काम केलेली माणसे याच गावात राहतात. त्यांना महाविद्यालयात बोलवा, मुलांना दोन गोष्टी शिकवू द्या. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात कामी आलेल्या अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या तारखेपासून आठवडा पाळला जातो. त्या आठवड्यात भाषणाऐवजी तालीम व्हावी. आणि आपण पालक म्हणून जूनमध्ये मुलामुलींचे नाव घालण्यास जाल, तेव्हा फी विचारालच. त्याबरोबर जिना किती, आणि त्याची किल्ली कोणापाशी, एवढे विचारून या. नम्रपणे विचारा, परंतु उत्तर मिळेपर्यंत उठू नका.