संगणक दिल्यानंतरचे काम

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



तुम्ही पाठवलेले सहा जुने संगणक वसतिगृहात पोहोचले. मुलांच्या वतीने मनःपूर्वक आभार. आज मात्र मला त्यापुढचे बोलायचे आहे.

बी.एस्सी.च्या मुलामुलींना प्रात्यक्षिकासाठी पायथन आणि त्यासोबत नमपाय लागते. दोन्ही मोफत आहेत. पण मोफत मिळणे वेगळे आणि जुन्या यंत्रावर चालणे वेगळे.

पहिली अडचण वयाची. या संगणकांवर विंडोज 7 आहे. त्यावर पायथन 3.8 पर्यंतच चालते, 3.9 पासून पुढचे बसतच नाही. मुले सर्वांत नवे उतरवून घेतात आणि तिथेच अडतात. शिवाय यंत्रावरचे विंडोज 32 बिटचे की 64 बिटचे, हेही आधी पाहावे लागते.

दुसरी अडचण एका छोट्या चौकोनाची. पायथन बसवताना पहिल्याच पडद्यावर ‘पाथ’मध्ये जोडण्याचा चौकोन असतो. तो रिकामा राहिला, तर पायथन बसूनही काळ्या खिडकीत आज्ञा ओळखली जात नाही. इन्स्टॉलर पुन्हा उघडून ‘मॉडिफाय’मधून हे दुरुस्त करता येते.

तिसरी अडचण इंटरनेटची. नमपाय आणणारे ‘पिप’ नेटशिवाय काही आणत नाही, आणि आमच्याकडे रेंज टेकडीवर मिळते. यावर उपाय आहे. शहरात ‘पिप डाउनलोड’ने फाइली पेनड्राइव्हवर घ्यायच्या आणि इथे नेटविना बसवायच्या. फक्त फाइली आपल्याच पायथनच्या आवृत्तीच्या आणि बिटच्या हव्यात.

आमची एक मुलगी घराण्यातली पहिलीच कॉलेजात गेलेली. नमपाय बसवूनही पडद्यावर तेच येई: ‘नो मॉड्यूल नेम्ड नमपाय’. दोन दिवसांनी ती म्हणाली, “दादा, मी विषय बदलते. हे आपल्यासाठी नाही.” पाहिले तर त्या संगणकावर आधीच्या मालकाचे एक पायथन होते आणि आमचे दुसरे. नमपाय एकात बसले होते आणि प्रोग्राम दुसऱ्यात चालत होता. ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल नमपाय’ अशी आज्ञा दिली की ज्या पायथनला हाक मारली, त्यातच ते बसते. तिचा प्रोग्राम पहिल्यापासून बरोबर होता!

बंधुभगिनींनो, मला भीती आहे ती इथे. यंत्राचा दोष मूल स्वतःच्या माथी घेते आणि गुपचूप मागे सरते. म्हणून आम्ही आता मुलांना संदेशाची शेवटची ओळ आधी वाचायला शिकवतो. बहुधा कारण तिथेच लिहिलेले असते.

तुमच्याकडे विनंती एवढीच. संगणक देण्याआधी मंडळीतल्या एखाद्या जाणत्या तरुणाला त्यावर एक दुपार बसू द्या. त्याने सगळे बसवावे, एक उदाहरण चालवून पाहावे आणि आवृत्ती कागदावर लिहून यंत्राला चिकटवावी. ती दुपारही दानच आहे.